बिनधुराचं जेवण

फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून चहा पीत होते. उभ्याने खाणं-पिणं ही सवय मला जिने लावली, तिच्याच जाण्याची बातमी उभ्यानेच ऐकावी लागली. रोह्याहून एझराकाका बोलत होते. रोह्याच्या सिनेगॉगची किल्ली त्यांच्याकडे असते. तिथल्या मराठी ज्यूंची जी चार-पाच घरं उरली आहेत, त्यांतलं एक त्यांचं. फोनवर इकडचं तिकडचं बोलायची त्यांना सवय नाही. "कुंदा, अनिता गेली गो. सकाळीच. दुपारी माती द्यायची हाय, लगेच नीघ," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पेणहून निघाले, पण वडखळला गाडी जी अडकली ती अडकलीच. हा रस्ता मी नोकरीला लागल्यापासून दुरुस्त होतो आहे, माझी पेन्शन सुरू झाली तरी त्याचं काम चालूच आहे. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत बसला, आणि मी खिडकीतून समोरच्या ट्रकच्या मागचं लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. नागोठणं, भिसे खिंड, रोहा, तिथून रिक्षाने वरसे... मी घराशी पोचले तेव्हा माणसं दफनभूमीतून परतून हातपाय धूत होती.

मला उशीर झाला होता. आयुष्यभर जी बाई कुठल्याही गाडीच्या आधी अर्धा तास स्टँडवर जाऊन उभी राहायची, तिच्या शेवटच्या प्रवासाला मी पोचले नाही, याचा राग मी रस्त्यावर काढला, ड्रायव्हरवर काढला, स्वतःवर तर अजूनही काढते आहे. एझराकाकांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी पुढचं दार अर्धं लोटलं, दारामागच्या खुंटीवरची खाकी कापडाची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही तुझी. तीन वेळा बजावलंन मला," ते म्हणाले. पिशवीत काय आहे हे मला उघडून बघायची गरज नव्हती. दोन किलो जाडे पोहे, मिठाची पुडी, पाण्याची बाटली, एक वाटी. काडेपेटी नाही. काडेपेटी त्या पिशवीत कधीच नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांना आधी सांगायला हवं, की आमची अनितामावशी ग्रीक होती. नाव अनेता, पण रोह्याने पहिल्याच आठवड्यात तिची अनिता करून टाकली आणि तिनेही हरकत घेतली नाही. लुगड्यातली गोरीपान बाई बघून नवखी माणसं तिला कोकणस्थ समजायची, आणि ती तोंड उघडायची तेव्हा गोंधळायची, कारण तिची मराठी सगळी सासूकडून आलेली. जुनी, खेड्यातली, नाय-व्हय-हायची. तिचे यजमान सॅमसनकाका वरशाचेच. घराण्यात पूर्वी तेलाचा घाणा होता. तरुणपणी ते इतरांबरोबर इस्रायलला गेले, तिथे वाळवंटातल्या एका गावात कारखान्यात लागले, लग्न केलं, आणि आई आजारी पडली म्हणून बायकोला घेऊन महिनाभरासाठी म्हणून जे आले ते परत गेलेच नाहीत. धाटावला कंपन्या आल्या तेव्हा त्यांतल्या एकीत फिटर म्हणून लागले. रोह्यातली बाकीची ज्यू घरं एकामागून एक तिकडे जात असताना हे दोघं उलट्या दिशेने आले होते.

आणि ते का आले, याचं उत्तर मावशी थट्टेने एकच द्यायची. "सॅमसनशी नाय, मी पोह्यांशी लगीन केलंय." ही थट्टा खरी होती, हे मला फार उशिरा कळलं. काकांच्या आईने रोह्याहून इस्रायलला पार्सलने पोहे पाठवले होते. ते आमच्याच पेणच्या भट्टीतले, असं माझी आई मरेपर्यंत अभिमानाने सांगायची. सुट्टीच्या दिवशी काका आपल्या खोलीबाहेर बसून ते गार पाण्यात भिजवत होते. शेजारच्या वस्तीतली ही मुलगी बघत उभी राहिली. थोड्या वेळाने त्यांनी त्यावर मीठ घातलं आणि खायला लागले. तिने विचारलं, चूल कुठे आहे? काका म्हणाले, चूल कशाला? तिने पुन्हा विचारलं, मग शिजलं कसं? त्यांनी तिला एक वाटी दिली. ती खाली न बसता, भिंतीला पाठ लावून, दाराकडे बघत तिने खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ती रोह्याहून पहिल्या एसटीने पेणला आमच्या भट्टीवर यायची. मी तेव्हा परकरातली होते. भाजलेल्या भाताच्या वाफेत बाया घामाघूम झालेल्या असायच्या, यंत्रातून गरम पोहे पडत असायचे आणि ही बाई थेट आत येऊन मूठभर पोहे तळहातावर घेऊन बोटाने दाबून बघायची. धुराची मात्र तिला चीड. भट्टीच्या धुराड्याकडे पाठ करून उभी राहायची. बाजारात कोणी पालापाचोळा पेटवला तर अनोळखी माणसालाही फैलावर घ्यायची. गल्लीत पहिला गॅस तिच्या घरी आला, तोही सासूशी भांडून. एकदा मी तिच्याबरोबर अलिबागला चालले होते. वडखळच्या पुढे डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी ती म्हणाली, "एवढा धूर करून कोण कुठं लपणार गो?" मी हसले. ती हसली नव्हती, हे मला आज आठवतं.

घरी नेलेले पोहे ती दोन भागांत करायची. एक डब्यात. दुसरा त्या पिशवीत, दारामागे. पिशवीतले मागच्या महिन्याचे पोहे काढून खायचे, नवे भरायचे. पन्नास वर्षांहून जास्त काळ ही पिशवी कधी रिकामी नव्हती. आमच्या घरी याची चेष्टा व्हायची. आई म्हणायची, "अनिता, आता इथे कोण येणार आहे तुला पकडायला?" ती म्हणायची, "कोण नाय. पण असूं दे."

तिच्या घरी आणखी एक गोष्ट कधी नव्हती. मलिदा. कोकणातल्या ज्यू घरांत लग्न ठरलं, नवं घर झालं, माणूस लांबून सुखरूप आला, नवस फिटला, की मलिदा करतात. भिजवलेल्या जाड्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना. पोहेवाल्यांच्या घरात वाढल्यामुळे कोणाकडे काय चांगलं झालं हे आम्हाला मागणीवरूनच कळायचं. पण अनितामावशीने मलिद्यासाठी पोहे नेले असं एकदाही झालं नाही. सॅमसनकाकांचं मोठं ऑपरेशन पार पडलं तेव्हासुद्धा मलिदा एझराकाकांच्या घरी झाला. ही तिथे जाऊन खोबरं खवून आली, आणि स्वतःच्या घरात मात्र नाही. मी लहानपणी आईला कारण विचारलं होतं. आई म्हणाली, तिचा एक नवस अडकलाय. तो फिटेपर्यंत ती दुसरा करत नाही.

तो नवस म्हणजे तिचा भाऊ, याको.

शाळेतून निवृत्त झाल्यावर (मी पेणला इंग्रजी शिकवत असे; सॅमसनकाका तोवर गेले होते) मला वाटलं, मावशीची गोष्ट लिहून काढावी. ती आधी उडवून लावायची. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, बस, लिही. मी बसले, ती बसली नाही. सांगताना खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या, आणि मी वहीत लिहिताना मान वळवून वळवून दुखवून घ्यायचे. ग्रीसमधले, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. आधी उपासमार, शहरात माणसं रस्त्यात पडून मरत होती. मग जर्मन सैन्य ज्यूंना वेचून नेऊ लागलं. वडलांना नेलं. आईने दोन पोरांना घेऊन डोंगर गाठला. मावशी तेव्हा सात वर्षांची, याको तीनचा. डोंगरात एका मेंढपाळाच्या बायकोने त्यांना मेंढरांच्या गोठ्यात जागा दिली, आणि नियम एकच घातला : दिवसा चूल पेटवायची नाही. खालच्या खोऱ्यातून धूर दिसतो. गोठ्यात कोणी राहतं हे कळता कामा नये.

इथवर ती दोन-तीन वेळा सांगत आली आणि दर वेळी थांबली. चौथ्या वेळी पुढे बोलली. आई मेंढपाळाच्या बायकोबरोबर लाकडं आणायला गेली होती. याकोला डांग्या खोकला. खोकून खोकून निळा पडायचा, आणि भूक भूक म्हणून रडायचा. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. "मी म्हटलं, जरा पाणी गरम करून त्यात बुडवून देते. काटक्या चारच होत्या गो कुंदे. चारच..." दुपारपर्यंत खालच्या वाटेने सैनिक येत असल्याचा निरोप आला. पुढचा डोंगर ओलांडून पळायचं ठरलं. पण खोकणारं पोर बरोबर नेलं असतं तर त्या आवाजाने सगळेच सापडले असते. आईने याकोला मेंढपाळणीच्या ओटीत दिलं, चार दिवसांसाठी म्हणून. त्यांना परत यायला युद्ध संपावं लागलं, तोवर ते गाव जाळलेलं होतं आणि माणसं कुठल्या कुठे गेली होती. मग त्या देशात आपसातलीच लढाई सुरू झाली, डोंगर पुन्हा बंद. आई मुलीला घेऊन बोटीत बसली. इस्रायलला पोचल्यावर वर्षा-दोन वर्षांत तीही गेली.

"धूर माझा हुता," मावशी म्हणाली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. धुतलेलीच भांडी.

मी वही मिटली. मला वाटलं होतं की मी एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणी टिपून ठेवते आहे. त्या दिवसापासून मला झोप लागेना. सात वर्षांच्या पोरीने भावाला भरवायला पेटवलेल्या चार काटक्या ती ऐंशी वर्षं विझवत होती. भाऊ जगला की नाही एवढंच तिला कळायला हवं होतं. बाकी काही नको.

मला उरक फार. आईपासून सगळे तसं म्हणतात आणि मी ते कौतुक समजत आले. आधी मी इंग्रजीत पत्रं लिहिली, निरनिराळ्या कार्यालयांना; नोंद नाही, अशी उत्तरं आली किंवा आलीच नाहीत. मग माझी भाची रेवा मला म्हणाली, मावशी, पत्रं काय लिहितेस, मला गावाचं नाव दे. त्या डोंगराळ भागातल्या लोकांचा मोबाइलवर एक गट होता, तिथे तिने सगळी हकिगत टाकली. धुराची सोडून. तीन महिन्यांनी दिमित्रा नावाच्या एका मुलीचं उत्तर आलं. तिचे आजोबा, थानासी, त्याच गावच्या एका मेंढपाळीण बाईने वाढवलेले. मरण्याआधी तिने त्यांना सांगितलं होतं, तू माझ्या पोटचा नाहीस. एका थंडीत शहरातली एक बाई तुला खोकत असताना माझ्याकडे सोडून गेली.

खोकत असताना. हे दोन शब्द वाचून मी घरभर नाचायची बाकी होते. मी मावशीला फोन केला. तिने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, "खोकला बरा झाला व्हय त्याचा?"

व्हिडिओवर बोलायचं ठरलं. आपल्याकडे दुपारचे चार, तिकडे दीड, त्यांची जेवणाची वेळ. रेवा आणि मी सकाळीच वरशाला गेलो. एझराकाकांनी आपल्या बायकोला आणि आणखी दोन घरच्या माणसांना बोलावून ठेवलं होतं. आणि मी... मी भट्टीतून तीन किलो जाडे पोहे नेले होते, गूळ नेला होता, चार नारळ, वेलची, केळी, सफरचंदं. जाड्या पोह्यांना भिजून फुलायला वीस मिनिटं लागतात. फोन संपेल आणि लगेच मलिदा करता येईल असा हिशेब करून मी पावणेचारला सगळे पोहे धुऊन परातीत पसरले आणि वर ओला पंचा घातला. मावशीला न विचारता. पोहेवाल्याची लेक मी. भिजवलेले पोहे परत वाळवता येत नाहीत, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

फोन पितळी डब्याला टेकवून ठेवला होता. दिमित्रा दिसली, गोड मुलगी, मग तिने फोन आजोबांकडे वळवला. पांढऱ्या मिशांचा, रुंद खांद्यांचा म्हातारा, खिडकीबाहेर बघत बसलेला. तो हळू हळू बोलला, दिमित्राने त्याचं इंग्रजी केलं, मी मराठी केली. तो म्हणाला, त्या थंडीत पुष्कळ आयांनी पुष्कळ घरांत मुलं सोडली. मी त्यांतला एक. कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नाही. जिने मला वाढवलं तिला मी या घराच्या मागे पुरलं आहे, ती माझी आई. मला आता दुसरं नाव नको, दुसरी आईही नको. त्या बाईंना सांग, त्यांचा भाऊ त्यांना मिळो. पण तो मी आहे असं मी म्हणणार नाही.

मी हे मराठीत सांगताना गुळगुळीत करायला बघत होते. मावशी म्हणाली, "नीट सांग. त्याने म्हटलंय तसंच सांग." मी सांगितलं. रेवा इंग्रजीत म्हणाली की रक्ताची तपासणी करता येते, सोपी असते. म्हाताऱ्याने मान हलवली, नको. मावशीने रेवाच्या हातावर हात ठेवला. "पुरे गो. त्याला तरास नको."

मग ती पुढे वाकली. तिची ग्रीक भाषा कधीच गेली होती. आकडे आणि खाण्या-पिण्याचे चार शब्द तेवढे उरले होते, असं ती सांगायची. ती फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "एफायेस?" म्हणजे, जेवलास का?

तोवर खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या माणसाने पहिल्यांदा समोर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग आपल्या पुढ्यातल्या ताटाकडे. "एफागा," तो म्हणाला. जेवलो.

ती मागे सरली. म्हणाली, "बंद कर आता."

एझराकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, मावशी, तोच आहे, खोकला, गाव, ती थंडी, सगळं जुळतंय, तो घाबरलाय म्हणून... ती म्हणाली, "तो माझा भाव हाय का नाय, मला म्हाईत नाय. तो म्हणाला नाय. न म्हणता नवस कसा फिटंल? नबीला फसवायचं व्हय?" आणि पाणी प्यायला म्हणून ती आत गेली.

स्वयंपाकघरात ती परातीपाशी उभी राहिली. पंचा उचलला. टपोरे फुललेले, मोकळे, असे पोहे मी जन्मात भिजवले नव्हते. शेजारी फोडलेले नारळ, किसलेला गूळ. तिला सगळं कळलं.

"भिजवलेस?"

मी मान डोलावली.

"किती?"

"तीन किलो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला आजही वाटतं, तिने मला चांगलं झापायला हवं होतं. मी पासष्ट वर्षांची बाई, पण त्या क्षणी मला कानाखाली बसली असती तर मी ती आनंदाने घेतली असती. तिने गुळाचं ताट उचललं आणि फडताळात ठेवून दिलं. कांदे काढले. मला म्हणाली, "मिरच्या चीर. खाणं टाकायचं नसतं." दडपे पोहे करतात तसे तिने ते सगळे पोहे कांदा, मिरची, खोबरं, मीठ आणि कच्चं तेल घालून कालवले. फोडणी नाही, गॅस पेटवला नाही. मग शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम चालू होतं तिथे आम्ही पातेलं घेऊन गेलो. कातकरी बाया विटा वाहत होत्या, त्यांची पोरं वाळूत खेळत होती. मावशी एकेकीला वाटीने वाढत म्हणत होती, "मलिदा नाय हां, नुसते पोहे हायत." त्या बायांना मलिदा काय ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. एक म्हणाली, "बरं आजी," आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

परत आल्यावर उरलेले पोहे घेऊन मावशी पुढच्या दाराच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसली आणि जेवली. मी तिला बसून जेवताना पहिल्यांदा पाहत होते. दाराकडे तिची पाठ होती. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

पुढच्या पहिल्या तारखेला ती पेणला आली नाही, म्हणून मीच पोहे घेऊन गेले. दमली होती, पण खाटेवर पडून राहायला तयार नव्हती. पिशवीतले जुने पोहे तिने स्वतःच्या हाताने काढले, नवे भरले, पिशवी खुंटीला लावली. मग विचारलं, "सगळं लिव्हलंस? धुराचं पण?" मी हो म्हटलं. "त्याला पाठवू नको. बाकी कुणाला सांगायचं तर सांग." म्हणून मी हे मराठीत लिहिते आहे, तो काही पेण-रोह्याच्या पेपरची पुरवणी वाचणार नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. वय झालं होतं हे मलाही कळतं. पण मी गाव शोधलं नसतं, रेवाला सांगितलं नसतं, ते पोहे भिजवले नसते, तर ती अजून थोडी राहिली असती का... हा प्रश्न मी सहा आठवडे घरात इकडून तिकडे घेऊन फिरते आहे. बाकीच्यांना वाटतं मी साफसफाई काढली आहे.

मावशी गेल्याचं दिमित्राला मी दोन ओळींत कळवलं होतं. उत्तर आलं नाही. मी दिवसातून वीसदा फोन उघडून बघत असे. आणि परवा, बुधवारी, उत्तर आलं. तिने लिहिलं होतं : आजोबांना तुमचा निरोप सांगितला. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. आज दुपारी ताटावर बसल्यावर त्यांनी विचारलं, ती बाई जाण्याआधी जेवली होती का? त्यांना हे कळायला हवं आहे. कृपया कळवा.

मी एझराकाकांना फोन लावला. त्यांची बायको रोज सकाळी मावशीकडे डोकावायची, तिला विचारलं. ती म्हणाली, "व्हय, दुधात भिजवून अर्धी वाटी पोहे खाल्लेन. वाटी धुऊन पालथी घातलेली हुती." मी दिमित्राला लिहिलं, जेवली होती. मग एझराकाकांना विचारलं, काका, एवढ्यावर नवस फिटतो का? तिचा नवस आपल्याला फेडता येतो का? "मला नाय म्हाईत," ते म्हणाले. "पण जिच्याशी आपलं काय नाय, तिच्या जेवणाची चौकशी कोण करतो? ऐतवारी माणसं जमवतो. पेण, अलिबाग, कुठनं कुठनं बोलवावी लागतील. सिनेगॉगात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे नसले तरी मलिदा होतो, पण मला दहा पायजेत. आणि कुंदा... दहावा माणूस पायरी चढल्याबिगर तू पोहे भिजवू नको."

नाही भिजवणार. मलिदा मावशीच्याच पिशवीतल्या पोह्यांचा करायचा हे मी ठरवून टाकलं आहे, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही. आज सकाळी मी ती पिशवी माझ्या घरच्या दारामागून काढली, पोहे सुपात ओतून पाखडले, निवडले. काही झालं नव्हतं त्यांना. डबा भरला, झाकण लावलं, पिशवी झटकून पुन्हा खुंटीला अडकवली आणि कामाला लागले. पण दहा मिनिटांत तीनदा दारापाशी जाऊन आले. ती पिशवी अशी चपटी, भिंतीला चिकटलेली मला बघवेना. शेवटी डबा उघडला, एक मूठ पोहे परत पिशवीत टाकले, आणि मग दार लोटलं.